नव्वद मिनिटांत एक गणित

तेहरानमधल्या मुलींच्या एका शाळेत शिकणाऱ्या दोन मैत्रिणींच्या हाती एकदा एक प्रश्नपत्रिका लागली. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड या शाळकरी मुलांच्या संगणकशास्त्राच्या स्पर्धेसाठी इराणचा संघ निवडायला त्या वर्षी घेतलेली ती देशपातळीवरची परीक्षा होती. प्रश्न सहा, वेळ तीन तास. दोघी काही दिवस त्या प्रश्नांशी झटत राहिल्या आणि सहापैकी तीन सुटले. परीक्षेच्या हिशेबाने पाहिलं तर हा निकाल सांगण्यासारखा नाही, कारण तीन तासांचं काम काही दिवसांवर गेलं आणि तरीही निम्मं राहिलं. पण मुली हरखून गेल्या. अशा परीक्षेतला एखादा तरी प्रश्न आपल्याला सुटू शकतो हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. मग त्या थेट मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलांच्या तशाच शाळेत गणितं सोडवण्याचे खास वर्ग चालतात, तसे आम्हालाही हवेत.

त्या दोघींपैकी एक मरियम मिर्झाखानी. २०१४ साली दक्षिण कोरियातल्या सोल शहरात तिला फील्ड्स पदक, गणितातला जगातला एक सर्वोच्च सन्मान, मिळालं. हे पदक १९३६ पासून दिलं जातं आणि तोवर ते एकाही स्त्रीला मिळालं नव्हतं. दुसरी रोया बेहेश्ती, आज अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताची प्राध्यापक आहे.

मिर्झाखानीची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती जन्मजात प्रतिभेची गोष्ट म्हणून. मुलगी अलौकिक होती, ती कुठेही जन्मली असती तरी चमकलीच असती, असा सूर असतो. तिच्या शाळेची वर्षं नीट पाहिली की मला हे पटत नाही. त्या वर्षांत ती गणितापासून जवळजवळ तुटली होती. ती परत आली ती शाळेने घेतलेल्या दोन-तीन साध्या निर्णयांमुळे. तसे निर्णय आपल्या शाळांनाही घेता येतात. आपण मात्र मुलांना लवकरात लवकर चाळून वेगळं करण्यात सगळी शक्ती घालवतो आहोत, एखाद्या गणिताजवळ त्यांना पुरेसा वेळ बसू देत नाही, आणि या चाळणीतून सगळ्यात आधी गळतात त्या मुली. महाराष्ट्रात दहावीच्या गणिताचं काय करायचं यावर मधूनमधून वाद पेटतो, तेव्हा हाच मुद्दा राहून जातो.

मिर्झाखानीचा जन्म १९७७ चा. बालपण इराण-इराक युद्धात गेलं. युद्ध १९८८ साली संपलं तेव्हा तिची प्राथमिक शाळा संपत आली होती. आपली पिढी नशिबवान, कारण आपण वयात येताना देशात स्थैर्य आलं, असं ती पुढे म्हणायची. लहानपणी तिला गणिताची ओढ नव्हती. तिला लेखिका व्हायचं होतं, हाती लागेल ते पुस्तक ती वाचून काढायची. वडील इंजिनियर. मुलांनी काहीतरी अर्थपूर्ण आणि समाधान देणारं करावं एवढीच आईवडिलांची अपेक्षा होती, पहिलं येण्याचा धोशा नव्हता. मोठा भाऊ शाळेत जे शिकायचा ते घरी येऊन तिला सांगायचा. त्याने एकदा १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांच्या बेरजेची गाउसची युक्ती सांगितली. एक आणि शंभर मिळून १०१, दोन आणि नव्याण्णव मिळून १०१, अशा पन्नास जोड्या, म्हणून उत्तर ५०५०. सुंदर उत्तराचा आनंद आपल्याला पहिल्यांदा इथे मिळाला, पण ती युक्ती आपल्याला स्वतःला सुचली नव्हती, असं तिने पुढे एका मुलाखतीत आवर्जून सांगितलं.

हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. जगातल्या सर्वोच्च गणितींपैकी एक बाई सांगते की पहिलं सुंदर गणित मला सुटलं नव्हतं, कुणीतरी मला ते दाखवलं, आणि तिथून आवड लागली. आपल्या वर्गात मात्र ज्याला सुटलं त्याचा हात वर, बाकीच्यांनी फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. उतरवून घेणाऱ्यांपैकी कुणाला ते उत्तर सुंदर वाटलं असेल का, हे विचारायला कुणाला सवड नसते. कुणाला सुचलं याची नोंद होते, कुणाला आवडलं याची होत नाही.

प्राथमिक शाळा संपल्यावर ती प्रवेशपरीक्षा देऊन फर्जानेगान या शाळेत गेली. विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी इराण सरकारच्या संस्थेने चालवलेल्या शाळांपैकी ही मुलींची शाळा. पहिल्याच आठवड्यात रोयाशी गट्टी जमली. शाळेजवळच्या गजबजलेल्या रस्त्यावर पुस्तकांची दुकानं होती. तिथे उभ्याने पानं चाळलेली दुकानदारांना चालत नसत, म्हणून या दोघी समोर येईल ते पुस्तक विकत घ्यायच्या. पुस्तकं स्वस्त होती.

आणि त्याच वर्षी गणित बिघडलं. शिक्षिकेला या मुलीत काही विशेष दिसलं नाही. त्या वयात दुसऱ्यांना आपल्यात काय दिसतं याला फार महत्त्व असतं, असं मिर्झाखानीनेच नंतर म्हटलं आहे. रोयाने तिच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या आठवणीत एक प्रसंग आहे. गणिताचे तपासलेले पेपर परत मिळाले. मरियमला विसापैकी सोळा, काही जणींना त्याहून जास्त. तिने तो पेपर फाडून दप्तरात कोंबला आणि सांगून टाकलं, बस्स, यापुढे मी चांगलं करण्याचा प्रयत्नसुद्धा करणार नाही.

विसापैकी सोळा म्हणजे ऐंशी टक्के. नापास झालेली मुलगी नव्हती ही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला अठरा मिळाले असतील एवढंच. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने एवढ्यावरून निष्कर्ष काढला की हा विषय आपला नाही. असा निष्कर्ष काढणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्षी असतात. बहुतेक जणींच्या बाबतीत तो शेवटचा ठरतो, कारण तो खोडून काढायला कुणी येत नाही.

इथे कुणी आलं. पुढच्या वर्षी शिक्षिका बदलल्या आणि नव्या शिक्षिका हुरूप देणाऱ्या होत्या. दुसऱ्या वर्षापासून ती वर्गातला तारा होती, असं रोया सांगते. मधल्या काळात मुलगी बदलली नव्हती, डोकंही तेच होतं. शाळेने पहिल्या वर्षाच्या गुणांवरून तिच्या कपाळावर कायमचा शिक्का मारला नाही आणि तिला दुसऱ्या वर्षी पहिल्यासारखंच गणित शिकवलं. एवढी एक गोष्ट झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणेन.

२०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला होता. गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण असले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावं, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि त्या मुलाला पुढे गणित-विज्ञानाचे विषय घेता येऊ नयेत. प्रस्तावामागची कळकळ मी नाकारत नाही. एका विषयात नापास झाल्यामुळे शाळा सुटते, हाताशी कागद राहत नाही, मुलगा मजुरीला जातो आणि मुलीचं लग्न उरकलं जातं, हे खेड्यात डोळ्यांनी दिसतं. त्या मुलांना अकरावीचं दार उघडं करायलाच हवं. माझा विरोध आहे तो शेऱ्याला. पंधराव्या वर्षी एका परीक्षेवरून सरकारने छापील कागदावर लिहून द्यायचं की हा विषय तुझा नाही, आणि तो कागद त्या मुलाने जन्मभर सांभाळायचा, हे मला मान्य नाही. काही वर्षं आपल्याकडे नववी-दहावीला सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता, तो पुढे बंद झाला. त्या पर्यायातही हीच अडचण होती. तो घेतला की पुढचे बरेच रस्ते बंद व्हायचे, आणि हा निर्णय मूल चौदा वर्षांचं असताना, बहुधा त्याच्या आठवीच्या गुणांवरून, दुसरंच कुणीतरी घ्यायचं.

तुकड्यांचंही तेच. अनेक शाळांत गुणांवरून तुकड्या पाडतात. अ तुकडीला शाळेतले उत्तम शिक्षक, शिष्यवृत्तीचे जादा तास, प्रश्नसंच. ड तुकडीला बदलीवर आलेले, नाहीतर तासिका तत्त्वावरचे शिक्षक. पाचवी-सहावीत एकदा ड तुकडीत गेलेलं मूल दहावीपर्यंत अ मध्ये आल्याचं क्वचित दिसतं. पालकही मग त्याला ‘जेमतेम’ म्हणू लागतात. तेहरानच्या त्या शाळेत सोळा गुणांवरून मरियमला खालच्या तुकडीत टाकलं असतं आणि हुरूप देणाऱ्या त्या शिक्षिका फक्त वरच्या तुकडीला दिल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचार तुकड्या पाडणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकांनी करावा.

यावर एक वजनदार आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. फर्जानेगान ही निवडक मुलींचीच शाळा होती. प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतूनच मरियम तिथे गेली. मग चाळणीविरुद्ध तिचं उदाहरण कसं द्यायचं? उलट हुशार मुलं एकत्र आणली, त्यांना चांगलं ग्रंथालय, चांगल्या मैत्रिणी, चांगल्या मुख्याध्यापिका दिल्या, म्हणूनच ती घडली ना?

आक्षेपात तथ्य आहे. तिला तिथे रोया भेटली ही फार मोठी गोष्ट होती, कारण काही दिवस एकाच प्रश्नपत्रिकेवर बसायला सोबत लागते. निवडक शाळा असूच नयेत असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यात नवोदय विद्यालयं आहेत आणि खेड्यातल्या कित्येक मुलांचं त्यांनी सोनं केलं आहे. पण चाळणीने काय साधलं आणि काय साधलं नाही, हे वेगळं करून पाहायला हवं. प्रवेशपरीक्षेने हजारोंतून निवडलेल्या मुलीबद्दल वर्षभरात त्याच शाळेतल्या एका शिक्षिकेचं मत झालं की हिच्यात विशेष काही नाही, आणि मुलीने ते खरं मानलं. म्हणजे उत्तमातली उत्तम चाळणीसुद्धा एका वर्षाच्या निराशेपुढे टिकली नाही. जे टिकलं ते चाळणीनंतरचं होतं: दुसरी संधी, मैत्रीण, आणि मागितल्यावर वर्ग सुरू करून देणाऱ्या बाई. या तीन गोष्टींना प्रवेशपरीक्षा लागत नाही. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असू शकतात, अनुदानित शाळेतही असू शकतात.

आता त्या मुख्याध्यापिका. मिर्झाखानीने त्यांचं वर्णन कणखर बाई असं केलं आहे. आम्हाला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की त्या ती घडवून आणायच्याच, असं ती सांगायची. इराणमध्ये मुलामुलींच्या शाळा वेगळ्या, आणि त्या वेगळेपणात मुलींच्या वाट्याला कमी येत होतं. मुलांच्या शाळेत ऑलिंपियाडच्या तयारीचे वर्ग होते, मुलींच्या शाळेत नव्हते. गणित ऑलिंपियाडच्या इराणी संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. म्हणजे बाईंना सोयीचं उत्तर तयार होतं. आजवर कुणी मुलगी गेलेली नाही, तुमची इतक्या दिवसांत तीनच गणितं सुटली आहेत, आधी अभ्यास करा, मग बघू. जगातल्या कुठल्याही शाळेत हे उत्तर शहाणपणाचं मानलं गेलं असतं. बाईंनी वर्ग सुरू केले. तुम्ही पहिल्या असाल म्हणून काय झालं, तुम्हाला जमेल, ही त्यांची धारणा होती.

१९९४ साली हाँगकाँगच्या ऑलिंपियाडला दोघी इराणच्या संघात होत्या. मरियमला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी टोरांटोत ४२ पैकी ४२ गुण. शाळकरी मुलांसाठी शरीफ विद्यापीठात एक उन्हाळी कार्यशाळा झाली, तिथे प्राध्यापक महमूदियान यांनी आलेख सिद्धांतातला एक प्रश्न मांडला. त्यावर काम करता करता या शाळकरी मुलीचा त्यांच्याबरोबर एक शोधनिबंधच प्रसिद्ध झाला. पुढे शरीफ विद्यापीठातून पदवी, हार्वर्डमध्ये कर्टिस मॅकमलन यांच्या हाताखाली २००४ साली पीएचडी, मग प्रिन्सटन, मग स्टॅनफर्ड. हार्वर्डमधल्या तिच्या वह्यांत टिपणं फारसीत असत. बारावीपर्यंतच नव्हे, पदवीपर्यंत सगळं फारसीत शिकलेली मुलगी जगातल्या अवघड भूमितीची टिपणं आपल्या भाषेत काढत होती. गणितासाठी पहिलीपासून इंग्रजीच हवं असं ठासून सांगणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तिचं स्वतःबद्दलचं एक म्हणणं होतं की आपण संथ आहोत. जमिनीवर मोठाले कागद पसरून ती तासन्तास आकृत्या काढत बसायची आणि तिच्या लहानग्या मुलीला वाटायचं की आई चित्रं रंगवते आहे. वक्र पृष्ठभागांवरच्या बंद रेषा मोजण्याचं तिचं काम आणि गणिती ॲलेक्स एस्किन यांच्याबरोबरचं नंतरचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत पुरं झालं. शाळेत एक-दोन वर्षं आपल्याला गणित जमलं नाही, कारण त्याबद्दल विचार करण्यातच रस नव्हता, आणि गणिताचं सौंदर्य धीर धरणाऱ्यांनाच दिसतं, असं तिने एका मुलाखतीत म्हटलं आहे.

धीर धरायला आपण मुलांना किती वेळ देतो? आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस परीक्षा असते, रोज तीन गणितं आणि साडेचार तास. म्हणजे एका गणिताला नव्वद मिनिटं. आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीमध्ये गणिताच्या पेपरला नव्वद मिनिटंच असतात, आणि प्रश्न पन्नास. एका गणिताला दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, समोर चार पर्याय. सीईटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. लाखो मुलांमधून प्रवेश द्यायचे तर काहीतरी झटपट मोजमाप लागणारच. माझी तक्रार वेगळी आहे. हे दोन मिनिटांचं गणित बारावीत थांबत नाही. ते खाली उतरत उतरत सहावी-सातवीत आलं आहे. फाउंडेशन नावाचे क्लास सहावीपासून सुरू होतात आणि तिथे शिकवली जाते ती युक्ती, पर्याय काढून टाकण्याची रीत, वेळेचं नियोजन. ज्या वयात एखाद्या प्रश्नावर तीन दिवस बसण्याची चटक लागायची, त्याच वयात दोन मिनिटांत नाही सुटलं तर सोडून पुढे जा, असं शिकवतात. अशा मुलाच्या हाती कुणी ते सहा प्रश्न दिले तर ते मूल तीन तासांनंतर कागद बाजूला ठेवेल. त्याला तसंच तर तयार केलं आहे.

दोन मिनिटांत सुटत नाही म्हणून ज्या मुलांना आपण मंद ठरवतो, त्यांत संथपणे, पण खोल विचार करणारी किती असतील? हे मोजण्याचं साधन आपल्याकडे नाही, कारण तीन दिवस देऊन कुणी पाहिलेलंच नाही.

त्याच २०१४ च्या समारंभात मंजुल भार्गव यांनाही फील्ड्स पदक मिळालं आणि भारतीय वंशाचा गणिती म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांचं भरभरून कौतुक केलं. ते रास्तच होतं. पण त्या दोघांच्या घडणीतला फरक पाहण्यासारखा आहे. भार्गव यांची आई गणिताची प्राध्यापक, आजोबा जयपूरचे संस्कृत पंडित. शाळा बुडवून मुलगा आईच्या कॉलेजातल्या तासाला जाऊन बसायचा आणि आई बसू द्यायची. त्यांना घर मिळालं. मिर्झाखानीलाही चांगलं घर होतं, भाऊ होता, पण गणित तिला दिलं ते शाळेने. कुणाला कुठलं घर मिळावं हे कुठल्याही सरकारच्या हातात नसतं. शाळा हातात असते. म्हणून धोरणाचा विचार करताना मला भार्गव यांच्यापेक्षा मिर्झाखानीची वाट जास्त कामाची वाटते.

आणि ही वाट मुलींच्या बाबतीत कुठे अडते, ते जरा जवळून पाहू. तालुक्याच्या गावी हायस्कूल, मुलगी सात-आठ किलोमीटरवरच्या वाडीतली. मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या बस सुरू झाल्या आणि त्या बसमुळे कितीतरी मुली आठवीनंतरही शाळेत टिकल्या. सरकारचं हे फार चांगलं काम आहे. पण ती बस शाळेच्या घंटेवर सुटते. शाळा सुटल्यावर तासभर गणिताचा जादा वर्ग घ्यायचा म्हटलं, तर बस गेलेली असते. वर्गाला थांबतात ती सायकलवाली, नाहीतर गावातलीच मुलं. शिक्षक मनापासून म्हणतात की मुली येतच नाहीत हो. मुलींना गणिताची आवड नसते असा समज मग आपोआप पक्का होतो. त्या मुलीला विचाराल तर ती सांगेल, सर, गाडी चुकते. सातारा-सांगलीकडच्या मोठ्या गावांतही क्लास संध्याकाळी सात ते नऊ असतो. मुलाला पाठवतात, मुलीला पाठवायला घरचे का-कू करतात, आणि त्यांच्या भीतीला कारणंही असतात. मुंबई-पुण्यात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, ऑलिंपियाडला वाहून घेतलेले शिक्षक आहेत. ही सोय तालुक्याला पोचत नाही, आणि पोचली तरी तिची वेळ मुलींच्या सोयीची नसते.

मुलींना वेळ न मिळण्याची ही रड शाळेपुरती नाही. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठात एमएला पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. त्यांची पीएचडी झाली १९८१ साली. मधली वर्षं संसार, मुली, परदेशातलं बिऱ्हाड यांत गेली. त्यांनी त्याबद्दल कधी गळा काढला नाही, उलट मुलांना गणित गोडीने शिकवण्यासाठी आयुष्यभर लिहीत राहिल्या. पण बाकीच्यांनी त्या सतरा वर्षांकडे सहज म्हणून पाहू नये.

युरोपात २०१२ पासून मुलींसाठी वेगळं गणित ऑलिंपियाड भरतं. भारताचा संघही २०१५ पासून तिथे जातो. मुलींसाठी वेगळी स्पर्धा म्हणजे सवलत, दर्जा खाली आणणं, असं काही चांगले गणित शिक्षकसुद्धा म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगेन की तिथेही रोज साडेचार तास आणि तीन गणितंच असतात. सवलत गणितात नाही. मुख्य ऑलिंपियाडमध्ये जगभरातून येणाऱ्या मुलांत मुली दहात एक एवढ्याच असतात. आपल्यासारख्या आणखी कुणी मुली हे करतात, हे शाळेत बसलेल्या मुलीला दिसावं लागतं. तेहरानमध्ये त्या दोघी होत्या, एकटी मरियम मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली असती की नाही, कोण जाणे.

मग करायचं काय? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. गणितासाठी आठवीपर्यंत गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, आणि शाळेतल्या सगळ्यात चांगल्या गणित शिक्षकांना सहावी-सातवी द्यावी, दहावी नव्हे. दहावीत निकाल दिसतो म्हणून चांगले शिक्षक तिकडे लावतात, पण मूल सुटतं ते सहावी-सातवीत. दहावीच्या गुणपत्रिकेवर पुढचा रस्ता बंद करणारा शेरा कुठल्याही नावाने येऊ नये. सोपा पर्याय ठेवायचा तर परतीचा मार्गही ठेवावा, अकरावीत किंवा बारावीत हवं तेव्हा गणित पुन्हा घेता आलं पाहिजे.

आणि प्रत्येक हायस्कूलमध्ये आठवड्यातून एक तास, शाळेच्या वेळातच, असा असावा की ज्यात फळ्यावर एकच गणित असेल. ते त्याच दिवशी सुटायची सक्ती नसावी. पुढच्या आठवड्यातही तेच गणित फळ्यावर असलं तर चालेल. गुण नसावेत, पर्याय नसावेत, निवड नसावी, ज्याला यायचं त्याने यावं. गणित फार उच्च असायला हवं असंही नाही. बुद्धिबळाच्या पटावरची तिरकी समोरासमोरची दोन कोपऱ्यांतली घरं कापली, तर उरलेली बासष्ट घरं दोन-दोन घरांच्या सोंगट्यांनी भरता येतील का, असा प्रश्न सातवीच्या मुलांना द्या आणि गप्प बसा. ती आधी कागद कापून बघतील, मग भांडतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणेल, सर, कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची आहेत. सोंगटी मात्र दर वेळी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते, हे तिथून दोन पावलांवर आहे. ते म्हणणारं मूल ड तुकडीतलं असण्याची शक्यता अ तुकडीइतकीच आहे असं मी मानतो, आणि ती मुलगी असण्याचीही.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वेळापत्रकातून एक तास काढावा लागतो, आणि तो शाळा सुटल्यानंतरचा असू नये, म्हणजे बसवाल्या मुलींना थांबता येईल. शिक्षकांना उत्तर लगेच न सांगण्याचं थोडं प्रशिक्षण लागेल. ते काम तालुक्यातल्या शिक्षण परिषदांमध्ये सहज होऊ शकतं, कारण दर महिन्याला शिक्षक तिथे जमतातच. परवानगी मात्र मुख्याध्यापकांनी द्यायची आहे. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर परवानगी मागायला कुणी येण्याची वाट पाहू नये. शेजारच्या मुलांच्या शाळेत कोणकोणते जादा वर्ग चालतात, त्याची यादी त्यांनी येत्या जूनमध्ये मागवून घ्यावी आणि आपल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचावी.